कोनाघरचे पाव्हने

मेघश्याम राइसमिलवर गेला, धानाचे दिवस.
दुर्पताची अंगणवाडी दहाला.
खिडकीत किल्ली ठेवत ती म्हणाली,
"गावात पाह्यसारखं काही नाही जी,
पण या फिरून."
तर आम्ही निघालो
ते काही नाही पाहायला.

पवनीची थंडी अजून कोवळी होती.
बंडीतून सांडलेली तणस रस्ताभर,
तिच्यावरून तू चालत होतास
एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या चालीनं.
एरवी तू नेहमी चार पावलं पुढे,
फलाटावर गाडी लागली असल्यासारखा.

किल्ल्याच्या दरवाज्यात शेळी बसली होती.
उठली नाही.
आम्हीच वळसा घालून आत शिरलो.

बाजारओळीत तू सवयीनं मनगट पाहिलंस
आणि घड्याळ बंद.
खुर्चीएवढं दुकान, डोळ्याला भिंग लावलेला म्हातारा,
मान वर न करता विचारतो,
"कोनाघरचे पाव्हने जी?"
"मेघश्याम भुऱ्यांकडचे."
"मंग ठेवून जा."
पावती नाही, नाव नाही, कधी या ते नाही.
डेपोत आयुष्यभर गाड्यांची वेळ लिहिणारा तू
उघड्या मनगटानं बाहेर आलास,
आणि मला ती गोरी पट्टी दिसली
घड्याळाखाली उन्हापासून लपून राहिलेली.

आलूबोंडा तर्रीत बुडवून खाल्ला.
तुला ठसका लागला तेव्हा गाडीवाल्या बाईनं
न विचारता गुळाचा खडा पुढे केला.
"कोनाघरचे?"
तिसऱ्या वेळेपासून आम्ही आपली नावं सांगणं सोडलंच.
भुऱ्यांकडचे. बस.
एवढंच असणं किती हलकं असतं.

भांड्यांच्या दुकानात मी पितळी गुंड वाजवून पाहिले,
एक, मग दुसरा, मग उगाच तिसरा.
घ्यायचा नव्हता एकही, हे दुकानदारालाही कळलं,
तरी त्यानं वरच्या फळीवरचा उतरवला,
बोटानं टिचकी मारली:
"हा आयका, बाई."
आम्ही तिघं तो आवाज संपेपर्यंत उभे.

दुपार कुठं गेली माहीत नाही.
शेताच्या कडेला लाखोळीची निळी फुलं पाहिली.
एका ओट्यावर बसलो, कुणाचा होता कोण जाणे,
आतून पाण्याचा तांब्या आला.

मग घाट.
वैनगंगा धरणाच्या पाण्यानं फुगलेली, हलेचना.
ढिवर जाळं सांधत होता, तू त्याला मासे विचारलेस.
मरळ, शिंगाडा, वाम, झिंगे,
शाळकरी पोरासारखी म्हणून दाखवलीस,
एक चुकलास, तो हसला आणि गेला.
पाय पाण्यात सोडून पाचव्या पायरीवर
तू नदीकडे पाहत म्हणालास,
"मार्चनंतर मला दिवसांची भीती वाटते गं.
सकाळी उठून कुठली गाडी सोडायची?"
मी काही बोलले नाही.
पाठीवर हात ठेवला, तोही जरा उशिरा.

परतलो तेव्हा अंधार पडला होता
आणि घड्याळाची आठवण दारात आली.
तू मागं वळलास, तेवढ्यात दुर्पता:
"ते काय, टेबलावर. मघाच देऊन गेले.
पैसे मी दिले. चावी रोज द्या म्हणाले."
मग पोळपाटावर लाटता लाटता
तिनं आमचा दिवस आम्हालाच सांगितला:
तिखट सोसलं नाही तुम्हाला,
गुंड वाजवले, घेतला नाही,
वाममाशाचं नाव चुकवलं,
आणि पाचव्या पायरीवर
बाईनं पाठीवर हात ठेवला होता म्हणे.
मेघश्याम ताटावर वाकून हसत होता.

सगळं आलं होतं गावातून घरी,
फक्त तू जे बोललास ते नाही.
ते पाण्यापर्यंतच गेलं असेल.

तू घड्याळ कानाला लावलंस.
चालू होतं.
मनगटाला न बांधता खिशात टाकलंस
आणि म्हणालास, "वहिनी, अजून एक सांभारवडी."